कॅमेऱ्यासमोरचा संयत अभिनय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रपट-मालिकांत नव्याने काम करू लागलेले, तसेच रंगभूमीवर बराच काळ घालवून कॅमेऱ्यासमोर प्रथमच उभे राहणारे नट जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. 'नट' हा शब्द सोयीसाठी स्त्री-पुरुष दोघांनाही उद्देशून वापरला आहे.

संयत अभिनय म्हणजे अभिनय कमी करणे, असे समजावे का?

तसे समजल्यामुळेच बहुतेक अडचणी सुरू होतात. पात्राच्या मनात जे घडत असते त्याची तीव्रता कमी करायची नसते. ते बाहेर पडण्याच्या वाटा तेवढ्या मोजक्या ठेवायच्या असतात. राग, भीती, अपमान, संशय यांपैकी जी भावना प्रसंगात असेल ती पूर्ण जोराने आत असू द्यावी आणि तिला बाहेर येण्यासाठी डोळे, श्वास, मानेची किंचित हालचाल आणि आवाजातला एखादा बारीक बदल एवढीच मोकळीक द्यावी. ज्या नटाने आतली भावनाच निम्मी करून टाकली, त्याचा चेहरा पडद्यावर शांत दिसत नाही, रिकामा दिसतो. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण आपले लक्ष उडाले आहे हे त्याला बरोबर कळते.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (मनातून शरीरावर उमटणारा) असे चार प्रकार मानले आहेत. त्यांपैकी सात्त्विक अभिनयात स्तंभ (जागीच खिळणे), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग (आवाज फुटणे), वेपथू (कंप), वैवर्ण्य (रंग उडणे), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणे) हे आठ भाव येतात, आणि मन एकाग्र झाल्याशिवाय ते शरीरावर उमटत नाहीत असे त्यामागचे गृहीतक आहे. लांब बसलेल्या प्रेक्षकाला नटाच्या अंगावर उभा राहिलेला काटा किंवा चेहऱ्याचा उडालेला रंग दिसणे अवघडच असते. क्लोजअपमध्ये मात्र या गोष्टी स्पष्ट दिसतात, आणि म्हणून संयत अभिनयाची चर्चा करताना आंगिक अभिनय किती कमी करावा यापेक्षा सात्त्विक अभिनय कसा जागा ठेवावा, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

रंगभूमीवर चांगला ठरलेला अभिनय कॅमेऱ्यासमोर 'लाऊड' का वाटतो?

कारण अंतर बदलते. नाटकात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत आवाज आणि हावभाव पोहोचवण्याची जबाबदारी नटावर असते, आणि काही वर्षांच्या सरावाने ती शरीरात इतकी मुरते की आपण शब्दागणिक भुवया उचलतो किंवा वाक्याच्या शेवटी मान झटकतो हे नटाच्या लक्षातही येत नाही. चित्रीकरणात हे पोहोचवण्याचे काम भिंग आणि माइक करतात. चित्रपटगृहात क्लोजअपमधला चेहरा काही मीटर उंचीचा असतो. त्या मापात भुवईची अर्धा सेंटिमीटर हालचाल म्हणजे मोठीच घटना असते.

दुसरा फरक वेळेचा आहे. नाटक सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग घडते आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद नटाला वाटेत सावरून घेतो. चित्रीकरण मात्र जागेच्या, प्रकाशाच्या आणि नटांच्या उपलब्धतेच्या सोयीने होते, त्यामुळे शेवटचा वियोग पहिल्या दिवशी आणि पहिली भेट शेवटच्या दिवशी चित्रित होऊ शकते. भावनेचा आलेख नटाला स्वतःजवळ लिहून ठेवावा लागतो. प्रत्येक दृश्यासाठी 'याआधी काय घडले आहे, मला काय माहीत आहे आणि काय अजून माहीत नाही' एवढ्या तीन नोंदी संहितेच्या समासात केल्या, तरी अवेळी केलेल्या अतिशयोक्तीला बराच आळा बसतो.

रंगभूमीचा अनुभव अडचणीचा असतो, असा मात्र याचा अर्थ नाही. पाठांतर, श्वासावरचा ताबा आणि सहकलाकाराला प्रतिसाद देण्याची सवय ही भांडवले नाटकातून येणाऱ्या नटाकडे आधीपासूनच असतात.

शॉट बदलला की अभिनयही बदलावा का?

होय, आणि त्यासाठी शॉट कोणता आहे हे आधी विचारून घ्यावे. छायाचित्रकाराला फ्रेम कुठून कुठपर्यंत आहे असे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. लाँग शॉटमध्ये चेहरा फारसा दिसतच नाही. तिथे चालण्याचा वेग, खांद्यांचा कल, थांबण्याची जागा यांतून अर्थ जातो, आणि चेहऱ्यावर कितीही बारकावे आणले तरी ते वाया जातात. मिड शॉटमध्ये हात आणि धड बोलू लागतात. क्लोजअपमध्ये डोळे आणि ओठांच्या कडा उरतात आणि बाकीच्या शरीराने फक्त त्यांना आधार द्यायचा असतो.

भिंगाची लांबी समजून घेणेही उपयोगाचे असते. चेहऱ्याच्या अगदी जवळ लावलेले २४ मिलीमीटरचे भिंग कॅमेऱ्याच्या दिशेने होणारी प्रत्येक हालचाल वाढवून दाखवते. नट जरासा पुढे झुकला तरी अंगावर आल्यासारखा दिसतो. ८५ मिलीमीटरच्या भिंगावर अॅपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र) मोठे उघडलेले असेल, तर फोकसची खोली, म्हणजे चित्र स्पष्ट दिसते ते अंतर, अवघ्या काही सेंटिमीटरची असते. अशा वेळी भावनेच्या भरात पुढे झुकणारा नट फोकसबाहेर जातो आणि उत्तम टेक टाकून द्यावा लागतो. क्लोजअपमध्ये स्थिर राहावे, या सल्ल्याचे निम्मे कारण तांत्रिकच आहे. मात्र स्थिरता म्हणजे ताठरपणा होऊ नये. मान आणि जबडा आखडला की चेहऱ्यावर विचार उमटायचाच थांबतो. म्हणून 'अॅक्शन' ऐकण्यापूर्वी जीभ टाळूपासून सोडवून जबडा सैल करावा आणि एक पूर्ण श्वास बाहेर टाकावा.

दिग्दर्शक 'काहीच करू नका' असे सांगतात. म्हणजे नेमके काय करायचे?

ही सूचना जितकी वारंवार दिली जाते, तितकीच ती अपुरी आहे असे माझे मत आहे. तिच्यामागे एक खरी गोष्ट आहे. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२० च्या सुमारास इव्हान मोझ्झुखिन या नटाच्या चेहऱ्याचा एकच तटस्थ शॉट वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवल्याचे सांगितले जाते; सूपचा वाडगा दिसल्यावर त्याच चेहऱ्यावर भूक आणि शवपेटी दिसल्यावर शोक प्रेक्षकांना जाणवला. पुढे १९३३ मध्ये 'क्वीन क्रिस्टिना'च्या अखेरच्या लांबलेल्या क्लोजअपसाठी दिग्दर्शक रुबेन मामुलियन यांनी ग्रेटा गार्बो यांना मनात काहीही न आणता चेहरा कोरा ठेवायला सांगितले, आणि प्रेक्षकांनी त्या कोऱ्या चेहऱ्यावर स्वतःच्या मनातले दुःख पाहिले.

परंतु ही उदाहरणे देताना एक बाब निसटून जाते. कोरा चेहरा तिथेच काम करतो, जिथे आधीच्या शॉटने किंवा संपूर्ण कथेने प्रेक्षकाच्या मनात भावना तयार करून ठेवलेली असते. चित्रपटाच्या अखेरीस जे चालते, ते पहिल्याच दृश्यात चालत नाही. म्हणून 'काहीच करू नका' या सूचनेचा अर्थ 'दाखवण्यासाठी काही करू नका' असा घ्यावा. पाहणे, ऐकणे, ठरवणे, लपवणे, अंदाज घेणे या क्रिया चालूच ठेवाव्यात. त्या करत असल्याची जाहिरात चेहऱ्यावर करू नये. सूचना नेमकी कशाबद्दल आहे हे कळले नाही, तर 'भुवया, आवाज की हात?' असे दिग्दर्शकांना सरळ विचारावे. बहुतेक वेळा एकच गोष्ट खटकत असते आणि नट घाबरून सगळेच बंद करून टाकतो.

मनात विचार चालू ठेवायचा म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे? एखादे उदाहरण द्याल का?

समजा, मुलगा आईला सांगतो की त्याने परगावची नोकरी स्वीकारली आहे. संहितेत आईचे वाक्य एवढेच आहे : 'बरं झालं. कधी निघायचं?' आईचा क्लोजअप आहे आणि सगळा मिळून पाच-सहा सेकंदांचा मामला आहे.

या जागी नवखा नट 'आईला वाईट वाटले आहे, पण ती दाखवत नाही' असा एकूण भाव ठरवून येतो आणि तो भाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत चेहऱ्यावर धरून ठेवतो. चेहरा किंचित ओढलेला, डोळे ओलसर, आवाज कापरा. यात खोटे काही नसते, पण काही घडतही नाही, कारण पहिल्या सेकंदाला जे दिसले तेच सहाव्याला दिसते.

आता तोच क्षण विचारांत मोडून पाहावा. 'स्वीकारली' हा शब्द कानावर पडेपर्यंत आईला काहीच माहीत नाही. ती त्याचे बोलणे सहज ऐकते आहे, कदाचित दुसऱ्याच कशाचा तरी विचार करते आहे. शब्द पडतो आणि श्वास अर्ध्यावर थांबतो. पहिला विचार : 'यानं आधी विचारलंसुद्धा नाही.' लगेच दुसरा : 'म्हणजे हे कालच ठरलं होतं.' या दुसऱ्या विचाराबरोबर तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून क्षणभर खाली, त्याच्या शर्टाच्या गुंडीवर जाते, कारण माणूस आठवू लागला की त्याची नजर समोरच्या माणसावर ठरत नाही. तिसरा विचार : 'याला माझं तोंड वाचता येतं.' नजर पुन्हा वर येते आणि 'बरं झालं' हे वाक्य त्याला निश्चिंत करण्यासाठी, थोड्या अधिक वेगाने येते. मग खरा प्रश्न उरतो, तो म्हणजे 'परत कधी येणार?' तो तिला विचारायचा नाही. त्याऐवजी ती 'कधी निघायचं?' असे विचारते. ओठांवर आलेला एक प्रश्न गिळून दुसरा उच्चारताना जो सूक्ष्म अडथळा येतो, तोच या शॉटचा गाभा आहे.

येथे नजर खाली न्यायची हालचाल पाठ केली आणि विचार केला नाही, तर ती हालचाल पडद्यावर हालचालच दिसते. क्रम उलटा असावा. विचार शब्दांसकट, बोलीभाषेत, पात्राच्या तोंडचा म्हणून ठरवावा. 'दुःख', 'निराशा' अशी नामे ठरवून काही हाती लागत नाही, कारण नामांचा विचार करता येत नाही. टेकच्या वेळी ते विचार खरोखर मनात येऊ द्यावेत आणि चेहऱ्याचे काय होते याकडे लक्षच देऊ नये. पुढच्या टेकला दुसऱ्या विचाराच्या जागी वेगळा विचार ठेवला, तर दिग्दर्शकाला काही न सांगताही वेगळा टेक मिळतो. चोवीस फ्रेमच्या हिशेबाने सहा सेकंदांत १४४ फ्रेम असतात. विचार बदलत असतील तर संकलकाला त्यांत कापण्याच्या अनेक जागा सापडतात, आणि एकच भाव धरून ठेवला असेल तर एकही सापडत नाही.

डोळ्यांबाबत कोणती काळजी घ्यावी?

समोरच्या व्यक्तीच्या दोन डोळ्यांवर आलटून पालटून नजर फिरवण्याची सवय आपल्या सगळ्यांना असते. रोजच्या बोलण्यात ती जाणवत नाही; क्लोजअपमध्ये मात्र बुबुळे अस्वस्थपणे हलताना दिसतात. त्यामुळे सहकलाकाराचा एकच डोळा निवडावा, शक्यतो कॅमेऱ्याजवळचा, म्हणजे आपला चेहराही भिंगाकडे अधिक मोकळा राहतो. 'लूक', म्हणजे नजर, कुठे द्यायचा हे चित्रीकरणापूर्वी ठरते. सहकलाकार कॅमेऱ्याशेजारी उभा नसेल आणि स्टँडवरच्या एखाद्या खुणेकडे पाहून बोलायचे असेल, तर त्या खुणेच्या जागी त्या व्यक्तीची आधीच्या शॉटमधली एखादी ठळक मुद्रा आठवावी.

पापण्यांचा प्रश्न थोडा फसवा आहे. माणूस विश्रांत अवस्थेत मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. एकाग्र झाला की हे प्रमाण घटते आणि अस्वस्थ झाला की वाढते. म्हणून 'क्लोजअपमध्ये पापणी लवू देऊ नये' हा प्रचलित सल्ला सरसकट पाळला तर प्रत्येक पात्र करारी किंवा भयावह दिसू लागते. विचार पूर्ण होतो किंवा बदलतो तिथे पापणी लवणे स्वाभाविक आहे आणि ती लवू द्यावी. टाळायची असते ती प्रकाशामुळे किंवा धास्तीमुळे होणारी फडफड.

रिअॅक्शन शॉटमध्ये संवादच नसतो. तेव्हा अभिनय कोणता करायचा?

ऐकण्याचा. हे उत्तर फार सोपे वाटते म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. सहकलाकाराचा संवाद आपल्याला पाठ असतो, त्यामुळे तो ऐकण्याची गरज संपलेली असते. आपण आपल्या वाक्याची वाट पाहत उभे असतो आणि ही वाट पाहणे कॅमेऱ्याला स्वच्छ दिसते. त्यावर एक उपाय असा की समोरच्याच्या बोलण्यात आपले पात्र कोणत्या शब्दावर त्याला तोडू इच्छिते, तो शब्द शोधून ठेवावा. त्या शब्दाला आपण बोलायला तोंड उघडतो, पण बोलत नाही. अमेरिकी अभिनयशिक्षक सॅनफर्ड माइझनर यांनी विकसित केलेल्या पुनरुक्तीच्या सरावात दोन नट समोरच्यात दिसलेली एखादी गोष्ट एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगत राहतात आणि समोरच्यात बदल झाला की वाक्यही बदलते. ऐकण्याचा स्नायू तयार करायला यापेक्षा सोपी युक्ती मला माहीत नाही.

डोके हलवून 'हो, हो' करत राहणे मात्र टाळावे. संकलनात अशा शॉटचा फार थोडा भाग वापरता येतो.

आपला क्लोजअप संपल्यावर सहकलाकाराच्या क्लोजअपसाठी पूर्ण अभिनय करावा का?

करावा. कॅमेऱ्यामागे उभे राहून यांत्रिकपणे क्यू (समोरच्याला बोलण्याची खूण ठरणारे वाक्य) देणारा नट समोरच्याचा शॉट बिघडवतो, आणि त्या दृश्यात शेवटी दोघेही दिसणार असतात.

आवाज किती खाली आणावा?

समोरची व्यक्ती प्रत्यक्षात ज्या अंतरावर आहे, त्या अंतराला पुरेल एवढा. संयत अभिनय म्हणजे कुजबुज, हा अलीकडे रुजलेला गैरसमज आहे. दोन पात्रे खोलीच्या दोन टोकांना उभी असताना कानात बोलल्यासारखी बोलू लागली की अंतराचा भासच नाहीसा होतो. शिवाय आवाज खाली आणताना बहुतेकांची वाक्ये शेवटाकडे विरघळतात, व्यंजने पुसट होतात आणि शेवटी तो संवाद डबिंगमध्ये पुन्हा म्हणावा लागतो. आवाजाची पातळी उतरवावी, उच्चारांची उतरवू नये.

तालमीत पुटपुटून आणि टेकला अचानक पूर्ण आवाज लावून ध्वनिमुद्रकाला अडचणीत टाकू नये. तो तालमीतल्या आवाजावर पातळी बसवत असतो. प्रसंगात ओरडायचे असेल तर तसे आधी सांगावे. क्लोजअपमध्ये एकमेकांच्या वाक्यांवर वाक्ये चढवावीत की नाहीत, हेही दिग्दर्शकांना विचारून घ्यावे, कारण दोन आवाज एकमेकांत मिसळले की संकलकाला ते वेगळे करता येत नाहीत.

हातांचे काय करावे, हेच कळत नाही.

हातांना पात्राचे एखादे खरे काम द्यावे. पत्राची घडी घालणे, चष्मा पुसणे, बाहीचे बटण लावणे असे काम सुरू असले की नटाचे लक्ष स्वतःवरून उठते, आणि ते काम कुठे थांबते किंवा कुठे वेगाने होते यावरून प्रेक्षकाला मनातले कळते. 'ऑन द वॉटरफ्रंट' या १९५४ च्या चित्रपटात नायिकेच्या हातून पडलेला हातमोजा मार्लन ब्रँडो उचलतो, तो परत न देता त्याच्याशी चाळा करत बोलत राहतो आणि सहज स्वतःच्या हातात चढवतो. दोघे बोलत असतात वेगळेच, पण त्याला तिला थांबवून ठेवायचे आहे हे त्या हातमोज्यावरून कळते.

येथे कंटिन्युइटीची, म्हणजे शॉटाशॉटांतल्या सलगतेची, अट येते. मास्टर शॉटमध्ये (संपूर्ण प्रसंग सलग टिपणाऱ्या शॉटमध्ये) ज्या शब्दाला पेला उचलला, त्याच शब्दाला प्रत्येक क्लोजअपमध्ये तो उचलावा लागतो; तसे झाले नाही तर चांगले टेकही एकमेकांना जोडता येत नाहीत. म्हणून मास्टरमध्ये हातांची कामे मोजकी ठेवावीत आणि ती शब्दांना बांधून घ्यावीत.

रडण्याच्या प्रसंगात डोळ्यांत पाणीच आले नाही तर?

येऊ नये असेही असू शकते. अश्रू हे आठ सात्त्विक भावांपैकी एक आहे, बाकीचे सात शिल्लक आहेत. प्रत्यक्ष आयुष्यात माणसे रडू आवरण्याचा प्रयत्न अधिक करतात : घसा साफ करतात, वर पाहतात, विषय बदलतात, निष्कारण काहीतरी नीट लावून ठेवतात. नटानेही रडू आणण्याचा खटाटोप सोडून, आपल्या पात्राला या क्षणी रडणे का परवडणार नाही याचा विचार करावा. आवरण्याचा प्रयत्न खरा असला तर पाणी बऱ्याचदा आपोआप येते, आणि आले नाही तरी प्रसंगाचे नुकसान होत नाही.

ग्लिसरीन किंवा मेन्थॉलची कांडी वापरण्यात अप्रामाणिकपणा आहे असे मला वाटत नाही. एकच प्रसंग वेगवेगळ्या कोनांतून दिवसभर चित्रित होत असेल, तर ते सोयीचे असते. मात्र त्यामुळे फक्त पाणी येते. श्वासाची लय आणि आवाजाचा पोत नटालाच आणावा लागतो.

भूमिकेसाठी स्वतःच्या आयुष्यातल्या दुःखाची आठवण काढावी का?

याबाबत जाणकारांतच मतभेद आहेत. रशियन नाट्यदिग्दर्शक कॉन्स्तान्तिन स्तानिस्लाव्हस्की यांच्या सुरुवातीच्या मांडणीतल्या भावस्मृतीवर, म्हणजे स्वतःच्या आठवणीतून भावना जागवण्यावर, अमेरिकी अभिनयशिक्षक ली स्ट्रासबर्ग यांनी मोठा भर दिला. अमेरिकी अभिनेत्री आणि अभिनयशिक्षिका स्टेला अॅडलर १९३४ मध्ये पॅरिसला स्तानिस्लाव्हस्कींना प्रत्यक्ष भेटल्या आणि परतल्यावर त्यांनी भावस्मृतीपेक्षा पात्राची परिस्थिती, कल्पनाशक्ती आणि कृती यांना महत्त्व द्यावे असा आग्रह धरला. दोन्ही मार्गांनी उत्तम नट घडले आहेत.

कॅमेऱ्यासमोरच्या कामापुरते बोलायचे तर मला दुसरा मार्ग अधिक टिकाऊ वाटतो. वैयक्तिक आठवण पहिल्या-दुसऱ्या टेकला धावून येते, पण दहाव्या टेकपर्यंत ती बोथट होते. त्याहून मोठी अडचण अशी की आठवणीत बुडालेला नट आत वळतो. समोरची व्यक्ती त्याला दिसेनाशी होते आणि प्रसंगातला संबंधच तुटतो. ज्या आठवणीची जखम अजून ओली आहे, ती तर कामासाठी मुळीच वापरू नये.

मालिकांच्या धावपळीत अशा अभिनयाला जागा असते का?

असते, पण आखून घ्यावी लागते. मालिकेत दृश्ये ऐनवेळी हातात येतात, तालीम नावापुरती होते, एकापेक्षा अधिक कॅमेरे एकाच वेळी चालू असतात आणि एकाच प्रतिक्रियेला संगीताची जोड देऊन ती लांबवली जाते. घरातला प्रेक्षक छोट्या पडद्यावर, कधी मोबाइलवर, इतर कामे करता करता पाहत असतो. या परिस्थितीत चित्रपटातल्याइतका सूक्ष्म अभिनय हरवून जाऊ शकतो, त्यामुळे थोडा अधिक ठळकपणा आणण्यात वावगे काही नाही.

तरीही मालिकेकडे एक असे साधन आहे जे चित्रपटाकडे नाही, ते म्हणजे शेकडो भागांची लांबी. पात्राची एखादी लहानशी लकब प्रेक्षकाला हळूहळू ओळखीची होते आणि मग ती मोडली की तेवढ्यावरून त्याला काहीतरी बिनसल्याचे समजते. नेहमी उत्तर देण्याआधी क्षणभर थांबणारी सासू एके दिवशी न थांबता उत्तर देते. ज्यांनी तिला महिनोन्महिने पाहिले आहे त्यांना आणखी काही दाखवावे लागत नाही. प्रत्येक दृश्यात सूक्ष्म राहण्याची धडपड करण्यापेक्षा अशा दोन-तीन लकबी सुरुवातीलाच ठरवून जपाव्यात.

टेक झाल्यावर मॉनिटर पाहावा का?

तांत्रिक चूक समजून घेण्यासाठी क्वचित पाहावा. आपण कसे दिसतो हे पाहण्याची सवय लागली की पुढच्या टेकमध्ये नट स्वतःच्या चेहऱ्याचा पहारेकरी होतो.

विनोदी प्रसंगांनाही हे लागू आहे का?

बहुतांश लागू आहे. पात्राला आपण विनोदी आहोत हे ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने प्रसंग गंभीरच असतो. हसू आणण्याची घाई दिसली की हसू येत नाही.

घरी सराव कसा करावा?

मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर स्थिर ठेवून तीन अंतरांवरून एकच लहान उतारा चित्रित करावा : पूर्ण शरीर, कमरेपासून वर आणि फक्त चेहरा. मग आवाज बंद करून चेहऱ्याचे चित्रण पाहावे आणि विचार कुठे बदलला हे कागदावर लिहावे. ठरवलेल्या जागा आणि दिसलेल्या जागा जुळत नसतील तर विचार पुरेसा नेमका नव्हता. त्यानंतर चित्र न पाहता फक्त आवाज ऐकावा. वाक्यांचे शेवट कुठे गळतात ते लगेच कळते. आरशासमोर सराव करू नये, कारण आरशात पाहताना आपण प्रेक्षक होतो आणि पात्र बाजूला राहते.

आणखी एक सराव उपयोगी पडतो. कोणीतरी आपल्याला एखादी मोठी हकीकत सांगत असताना आपले ऐकणे चित्रित करून घ्यावे, अर्थात सांगणाऱ्याच्या परवानगीने. खरे ऐकताना आपला चेहरा किती कमी हलतो आणि तरीही किती बदलतो, हे पाहून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटते.

संयत अभिनय कधी अयोग्य ठरतो?

प्रसंगाला उद्रेकच हवा असेल तेव्हा. अपघात नुकताच पाहिलेला माणूस, सर्वांदेखत अपमान झालेला माणूस, फार्समधले पात्र यांना मोजूनमापून वागायला लावणे म्हणजे शैलीच्या हौसेपायी पात्रावर अन्याय करणे होय. सगळ्याच भूमिका अर्ध्या आवाजात आणि अर्धमिटल्या डोळ्यांनी करणारे नट आहेत. त्यांचा संयम हाही एक प्रकारचा देखावाच असतो. उद्रेकाच्या प्रसंगात लक्ष द्यायचे ते एवढेच, की त्याआधीच्या दृश्यांत आपण काय साठवून ठेवले होते आणि उद्रेकानंतर पात्र स्वतःला कसे सावरते.

एकाच कलाकृतीत सर्वांचा सूर जुळणेही आवश्यक आहे. बाकी सगळे मोकळेपणाने, ठळकपणे काम करत असताना एकट्यानेच अंग चोरून अभिनय केला तर तो वेगळ्या चित्रपटातून आल्यासारखा वाटतो. चित्रीकरण आधीच सुरू झालेले असेल, तर इतर नटांचे चित्रित झालेले दोन-तीन प्रसंग दाखवण्याची विनंती दिग्दर्शकांना करावी आणि ते पाहून आपली पट्टी ठरवावी.